सलीमभाईंचं नाक

चिखलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरखाली एक खोकं ठेवलंय. वाकड्या आलेल्या, अर्ध्याच छापलेल्या प्रिंट मी त्यात टाकते आणि दर रविवारी दुपारी त्यातलाच एक कागद उलटा करून सकाळी जे घडलं ते लिहून ठेवते. लिहिलं नाही तर सोमवारपर्यंत माझा मलाच विश्वास बसत नाही! आधी वाटलं होतं, महिन्याला एखादा कागद पुरेल. आता खोकं इतकं भरलंय की झाकण लागत नाही. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मॅडम, ही रद्दी द्यायची का?" म्हटलं, "रद्दी कसली? आमच्या कुत्र्यांचा क्लास आहे तो!"

तर हा क्लास काय ते आधी सांगून टाकते. लवंगेचं तेल लावलेला कापसाचा बोळा भोकं पाडलेल्या छोट्या डबीत घालायचा, डबी कुठंतरी लपवायची आणि कुत्र्यानं ती वासावरून शोधायची. सापडली की कुत्रं तिथं बसतं. मग आपण हात वर करून "सापडलं!" म्हणायचं आणि कुत्र्याला पनीरचा तुकडा द्यायचा. एवढंच. याच्या स्पर्धासुद्धा होतात हे ऐकून माझ्या नवऱ्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला होता.

आम्ही माणसं चार, कुत्री तीन. जागा घुलेकाकूंची, त्यांच्या गोठ्याला लागून असलेली पत्र्याची शेड. काकू चिखलीच्या जुन्या घरातल्या. त्यांचं स्वतःचं कुत्रं नाही, पण रविवारी सकाळी सातला खुर्ची टाकून सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुत्र्याला वास घ्याया शिकिवताय व्हय? मंग आजवर त्यो काय करीत हुता?"

जाधव सर चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहेत. त्यांचा बीगल म्हणजे पोका. चूक होऊच न देण्याची काहीतरी जपानी पद्धत आहे, तिचं नाव सरांनी त्याला ठेवलंय. पोकानं चुकीखेरीज दुसरं काही केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. माझी बुंदी गावठी, पांढऱ्यावर पिवळे ठिपके, आणि अट्टल थापाडी. पनीर दिसलं की समोर जो डबा असेल त्याच्यापुढं बसते आणि असा चेहरा करते की आपल्यालाच वाटावं, असेल बाई इथंच!

आणि सलीमभाई. गॅरेजवाले. हा सगळा उद्योग त्यांनीच सुरू केला. डबीत तेल घालणं, ती लपवणं, आम्ही शोधत असताना गालात हसत उभं राहणं, हे खातं त्यांचं. त्यांचा नवाब म्हणजे पोट सुटलेला म्हातारा लॅब्रडॉर. तो शेडच्या दारात आडवा पडून असायचा. त्याला ओलांडून आत जायचं, हा क्लासचा पहिला धडा!

*

सलीमभाईंचं नाक म्हणजे चिखली ते काळेवाडी गाजलेलं नाक. गाडी घेऊन एक चक्कर मारायची आणि परत येऊन सांगायचं, "कूलंट गळतंय," नाहीतर "पेट्रोल जास्त जळतंय." बॉनेट उघडायचंसुद्धा नाही!

काळेवाडीचे टेम्पोवाले शिंदे तर त्या नाकाचे भक्त. मूळचे बीडकडचे. गॅरेजसमोर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "भाईचं नाक म्हंजी मशीन हाय, मशीन! माझी क्लचप्लेट त्यांनी निस्ती हुंगून वळखली." काळेवाडीतले निम्मे टेम्पो त्यांच्या शब्दावर सलीमभाईंकडं यायला लागले.

आमच्या व्हॅनचीही एकदा ट्रायल झाली. भाई स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर नवाब, मी मागं. गाडी माझी आणि मी मागं, पण नवाबला पुढंच बसायची सवय, त्याला कोण उठवणार? चढावर गाडी जरा कण्हली. नवाब दोनदा शिंकला. भाईंनी तिथूनच गाडी वळवली आणि म्हणाले, "ताई, क्लचप्लेट जळलीय."

मी चाटच पडले. म्हटलं, "भाई, धन्य तुमचं नाक! आणि हो, नवाबला सर्दी झालीय, तेवढं डॉक्टरला दाखवून घ्या!"

*

मग आली आमची पहिली स्पर्धा. चाकणच्या एका मोकळ्या गोदामात. शिंदेंच्या टेम्पोत कुत्री, खुर्च्या, पनीरचा डबा आणि काकू असं सगळं भरून आम्ही गेलो. परीक्षक होते सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. मिशी कडक, बोलणं त्याहून कडक.

दोरीच्या आत बारा खोकी मांडलेली. एकात डबी. बुंदी आत शिरली, नाक वर केलं, बाराही खोक्यांना वळसा घातला, दोरीखालून बाहेर पडली आणि प्रेक्षकांत वडापाव खात बसलेल्या सलीमभाईंसमोर जाऊन बसली! ताठ बसली. मला वाटलं वडापाव. मी तिला ओढून परत आणलं. ती परत गेली.

मग पोका. पोकानं खोक्यांकडं बघितलंसुद्धा नाही. थेट सलीमभाई!

सुभेदारसाहेब म्हणाले, "त्या गृहस्थांना बाहेर बसवा." भाई बाहेर गेले. दोघांना आणखी एक संधी मिळाली. दोघंही ज्या दारातून भाई बाहेर गेले त्या दारापुढं जाऊन बसले.

निकालाच्या कागदावर गुणांच्या जागी मोठ्ठं शून्य होतं. त्याखाली साहेबांनी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला होता, "कुत्री हुशार आहेत. माणसं तपासून घ्यावीत."

*

पुढच्या रविवारी जाधव सरांनी मीटिंग लावली. विषय, 'स्पर्धेनंतरचं ट्रेनिंग प्लॅनिंग'. त्यांच्या कंपनीत माल नापास होऊन परत आला की 'का, का' असं पाच वेळा विचारत जायचं असतं, म्हणजे पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं. त्याचा छापील फॉर्म असतो. माझ्याकडूनच चार प्रती काढून आणलेल्या. काकूंनासुद्धा एक दिली. काकूंनी तिच्यानं वारा घेतला.

"कुत्री भाईंकडं का गेली?" सरांनी सुरुवात केली.

"भाईंच्या अंगाला लवंगेचा वास होता म्हणून," मी म्हटलं. शेडभर लवंगच दरवळायची, त्यामुळं आम्हाला कुणाला ते वेगळं जाणवलंच नव्हतं.

"वास का होता?"

"तेल हाताला लागत असणार," भाई म्हणाले.

"का लागत होतं?"

"बाटलीतून जास्त पडतं."

"जास्त का पडतं?"

"किती पडलं ते कळत नाही."

"का कळत नाही?" सरांनी पेन टेकवलं. पाचवा का!

भाईंनी फॉर्मची घडी घातली. मग म्हणाले, "कारण मला वास येत नाही, सर. कोरोनात गेला, तो परत आलाच नाही."

काकूंचा वारा घेणारा हात थांबला. भाईच पुढं सांगू लागले. डॉक्टरांनी तेव्हा रोज लवंग हुंगत जा म्हणून सांगितलं होतं, म्हणून ते तेल आणलं. महिनोन्‌महिने हुंगलं. भाईंना काही येईना. पण बाटली घरात कुठंही ठेवली तरी नवाब शोधून काढायचा. त्या सगळ्या दिवसांत तेवढीच एक गंमत होती. त्यावरून हा क्लास सुचला.

"गॅरेजला हे कुणाला ठाऊक नाही," ते म्हणाले. "गिऱ्हाईक या नाकावर येतं. बाहेर बोलू नका, एवढीच मेहरबानी करा. आणि डबी आता दुसऱ्या कुणीतरी लपवा. तेवढंच माझं काम होतं इथं. ते गेलं, तर मी येऊन काय करू?"

मला फार वाईट वाटलं. आम्हाला गोळा केलं या माणसानं आणि आम्ही फॉर्म भरून त्यालाच बाहेर काढलं होतं.

"पण मग भाई, गाड्यांचं निदान तुम्ही कसं..." सर म्हणाले. सवयच ती, सहावा का!

"सर, गप ऱ्हावा," काकू म्हणाल्या.

भाई नवाबचा कान खाजवत बसले होते. फॉर्मवरचा 'मूळ कारण' हा चौकोन सरांनी रिकामा सोडला. तो कागद माझ्या खोक्यात आहे. त्याच्या पाठीवर मी काही लिहिलेलं नाही.

*

शेड फिनेलनं धुतली, तेल मोजून एक थेंबावर आणलं आणि डबी लपवायचं काम जाधव सरांकडं गेलं. सरांचं काम चोख. खोकी सरळ रेषेत, प्रत्येकात सारखं अंतर, आणि डबी जिथं लपवली असेल त्या जागेभोवती जमिनीवर पिवळी टेप. का? तर नंतर डबी विसरायला नको! दोन रविवारांत आमची कुत्री शंभर टक्के पास व्हायला लागली. सर खूश. मी खूश. कुत्री लवंग नाही, टेप शोधतायत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ते कळलं सरांच्या कंपनीत. कुटुंबाला कंपनी दाखवायचा दिवस होता, सर पोकालाही घेऊन गेले. आणि कंपनीत मशीनभोवतीची अख्खी जमीन पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली! पोका दर चार पावलांवर बसायला लागला. सरांचा हात सवयीनं वर. "सापडलं!" पुन्हा चार पावलं. "सापडलं!" मोठे साहेब शेजारीच चालत होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "काय सापडलं, जाधव?"

सरांचा हात अजून वरच! सेफ्टीवाल्या माणसानं मात्र वही काढून पोका जिथं जिथं बसला ती प्रत्येक जागा टिपून घेतली. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. त्यातल्या दोन ठिकाणी मशीनचं ऑइल खरंच गळत होतं!

त्या महिन्याचं सुरक्षेचं प्रमाणपत्र सरांना मिळालं. त्यावर पोकाचं नाव घालायला कंपनीनं नकार दिला, त्याचा सरांना अजून राग आहे.

*

या दोन्ही रविवारी सलीमभाई आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, "काम आहे, ताई." कसलं काम, मला माहीत होतं. शेवटी काकूंनी निरोप धाडला, "शेडचं शटर आडाकलंय, बघून जावा." शटर काकूंनीच कडी लावून अडकवलं होतं!

भाई आले, कडी काढली, काकूंकडं बघून हसले आणि दारातच उभे राहिले. नवाब दारात आडवा. त्या दिवशी डबी काकूंनी लपवली होती.

बुंदीला सोडलं. ती शेडभर फिरली आणि काकूंसमोर जाऊन बसली. पोकाही काकूंसमोर.

"काकू, डबी तुमच्याकडं आहे का?"

"माज्याकडं काय बी न्हाई! लपिवली मी, पर आता कुटं ते याद येईना."

काकूंची पिशवी बघितली, चंची बघितली. कुत्री हलेनात. शेवटी काकूंनी आऽ करून तोंड उघडलं. दाढेखाली लवंग! "चार दिस झालं, दाढ लई ठणकतीया," काकू म्हणाल्या.

आम्ही हसून हसून खाली बसलो. डबी मात्र गायब. एवढ्यात भाई म्हणाले, "चल नवाब, निघू या." नवाब दारात नव्हता. कधी उठला कुणी पाहिलं नाही. तो पार कोपऱ्यात, कडब्याच्या पेंढ्यांजवळ आडवा पडला होता. भाईंनी हाका मारल्या. हलला नाही. भाईंनी पट्टा धरून ओढलं. हलला नाही. मग मी पेंढी उचलली. खाली डबी!

त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं. भाईंनी घरात बाटली लपवायची आणि त्यानं शोधायची, एवढीच काय ती शिकवणी. आमची पोरं बसून सांगतात, हा पडून सांगतो. म्हणजे इतके दिवस दारात पडून तो काय काय सांगत होता, देव जाणे!

काकूंनी निकाल दिला. "शिकिवल्याली दोन माज्या दाढंम्होरं, आन ह्यो बराबर जाग्यावर. सलीम, तू आता लपवायचं न्हाई. तू हुडकायचं."

सलीमभाई पुढच्या रविवारी सहा वाजताच आले. सातची वेळ होती.

*

नवाबचा सराव जोरात सुरू झाला आणि नेमकं तेव्हाच काळेवाडीत भाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. मांडवाच्या मागं बिर्याणीच्या दोन डेगा दमावर ठेवलेल्या. झाकण उघडलं आणि नवाब जो गेला तो डेगेपुढं सपशेल आडवा!

लवंग होती ना बिर्याणीत! बरोबर सापडली होती त्याला. पण हे आम्हाला माहीत. पाहुण्यांना काय? एकानं विचारलं, "हा पोलिसांचा कुत्रा आहे का?" दुसरा म्हणाला, "कशात तरी काहीतरी आहे म्हणून तो असा पडलाय." पाच मिनिटांत पंगतीतले हात थांबले. ताटं पुढं सरकवली गेली. नवरदेवाचे वडील घामाघूम.

मग सलीमभाईंनी प्लेट भरून घेतली, सगळ्यांच्या समोर उभे राहून पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! काय सुवास आहे!" आमच्यापैकी कुणाला हसायचीही सोय नव्हती.

लोक जेवायला लागले, पण नवाब उठेना. बक्षीस मिळाल्याखेरीज त्यानं उठायचं नसतं आणि मटणाच्या लग्नात पनीर आणायचं कुठून? शाकाहारी पंगतीत शिंदे एकटे बसले होते. त्यांच्या ताटातला पनीरचा तुकडा भाईंनी उचलला आणि नवाबच्या तोंडात घातला.

शिंदे बघतच राहिले. "भाई," ते म्हणाले, "एवढ्या लांबून बी माझ्या ताटात पनीर हाय ह्ये तुम्हाला वासावरनं कळलं का वो?"

*

पुढच्या स्पर्धेची नोटीस ग्रुपवर आली. त्यात एक नवा नियम होता. तीन खोल्या शोधायच्या, आणि त्यातली एखादी पूर्ण रिकामी असू शकेल. रिकामी असेल तर तसं सांगायचं, "खोली रिकामी."

सोपं वाटतं ना? काकूंनी एका रविवारी डबी लपवलीच नाही, पदराखाली हात ठेवून गप्प बसल्या. बुंदीनं लगेच एका खोक्यापुढं बसून थाप मारली आणि मी "सापडलं!" म्हणून मोकळी झाले. सर तर पोकाला घेऊन सव्वा तास फिरत होते. शेवटी पोका दमून बसला आणि सरांचा हात वर! रिकामं आहे असं म्हणायची हिंमत कुणाची होत नव्हती. मधेच कुठूनतरी लवंगेचा हलका वास आल्यासारखा व्हायचा आणि आम्ही कुत्र्याला तिकडं ओढायचो. शेड धुतल्यापासून आमची नाकं जरा जास्तच जागी झाली होती.

काकू खुर्चीतून ओरडल्या, "आवं, कुत्री न्हाई, तुमीच वास घेताय! मंग त्यास्नी आणलंय कशाला, पनीर खाया?"

*

आणि आता स्पर्धेचा किस्सा. हा मी त्याच दुपारी लिहिला, आणि एका कागदात मावला नाही.

या वेळी जागा होती चाकणमधल्याच एका कंपनीचं ट्रेनिंग सेंटर. परीक्षक तेच, सुभेदारसाहेब. भाईंना बघून त्यांनी विचारलं, "हे आज कुठं बसणार?" सर म्हणाले, "साहेब, आज हे खेळणार आहेत." साहेबांची मिशी जराशी हलली.

भाईंनी नवाबचा पट्टा दोनदा तपासला. मला म्हणाले, "ताई, नवाब म्हातारा झालाय. त्याला एकदा तरी सगळ्यांसमोर शाबासकी मिळावी, बस." मी म्हटलं, "मिळणार!"

पहिल्या दोन खोल्या आम्ही तिघांनीही बरोबर काढल्या. बुंदीनं थाप मारली नाही, पोकानं टेप शोधली नाही. तिसऱ्या खोलीत मी बुंदीला घेऊन शिरले आणि माझ्या नाकात लवंगेचा भपकारा आला. कपाटाच्या बाजूनं! इतका स्पष्ट की मी बुंदीला थेट तिकडं ओढलं. तिनं माझ्याकडं बघितलं, पनीरच्या डब्याकडं बघितलं आणि माझ्या समाधानासाठी बसली.

"सापडलं!"

"चूक," साहेब म्हणाले.

सरांचंही तेच. ते तर वाद घालायला लागले. "साहेब, वास येतोय!" साहेब म्हणाले, "तुम्हाला येतोय. कुत्र्याला विचारलंत का?" आमच्या आधीच्या टीमही तिथंच गळाल्या होत्या.

ज्यांची पाळी झाली त्यांना मोठ्या काचेतून बघता येत होतं. मी, सर, काकू, शिंदे, सगळे काचेला नाक लावून उभे. भाई नवाबला घेऊन आत गेले. नवाब त्याच्या चालीनं, घाई नाही, गडबड नाही, एकेक कोपरा बघत निघाला. कपाटापाशी आला. थांबला. शिंदे कुजबुजले, "आता काय सोडत न्हाईत! भाईचं नाक हाय त्ये!"

नवाबनं कपाट वरून खाली हुंगलं. मोठा सुस्कारा सोडला. वळला, भाईंच्या पायाशी येऊन उभा राहिला आणि दाराकडं बघायला लागला. आडवा पडला नाही.

सरांनी काचेवर टकटक केलं, काकूंनी त्यांचा हात धरला. भाईंनी एकदा नवाबकडं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, खोली रिकामी."

साहेबांनी हातातल्या कागदावर खूण केली. मग म्हणाले, "बरोबर."

काय ओरडलो आम्ही! काकूंनी तर तिथंच बोटं मोडून नवाबची दृष्ट काढली. सगळ्या स्पर्धेत तीनही खोल्या बरोबर सांगणारी ही एकच जोडी. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "या भिंतीमागं कॅन्टीन आहे. ओव्हरटाइमवाल्यांसाठी मसालेभात शिजतोय. त्याचा वास प्रत्येकाला आला आणि प्रत्येकानं कुत्र्याला कपाटाकडं ओढलं." मग भाईंकडं वळून म्हणाले, "तुम्ही एकट्यानं ओढलं नाही. मसालेभाताच्या वासानं तुम्हाला मोह कसा झाला नाही?"

"मसालेभात?" भाई आनंदानं ओरडलेच. "कुठाय मसालेभात? साहेब, कोरोनापासून मला कसलाच वास येत नाही!"

अख्खा हॉल हसला. भाईसुद्धा हसले. आणि मग त्यांना शिंदे दिसले.

शिंदे हसत नव्हते.

परत निघालो. टेम्पोत मागं मी, सर, काकू, दोन कुत्री आणि खुर्च्या. पुढं शिंदे आणि भाई, मधे गळ्यात पदक घातलेला नवाब. केबिनच्या मागच्या जाळीतून सगळं ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. दोघंही गप्प. एवढी मोठी स्पर्धा जिंकून भाईंचं तोंड उतरलेलं बघून माझा जीव तुटत होता. उद्या काळेवाडीभर होणार, आणि गॅरेज ओस पडणार.

चढ लागला तसा शिंदेंनी विषय काढलाच. "भाई, येक इचारू का? तुम्हाला वास येत न्हाई. मंग माझी क्लचप्लेट जळाली ह्ये तुम्ही कसं सांगितलं?"

भाईंनी नवाबच्या गळ्यातलं पदक सरळ केलं.

नवाब दोनदा शिंकला.

भाईंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "शिंदे, उद्या गाडी गॅरेजला आणा."

शिंदेंनी टेम्पो हळू केला. भाईंकडं बघितलं. मग नवाबकडं बघितलं, बराच वेळ. आणि एकदम अदबीनं त्यालाच विचारलं, "किती वाजता आणू, साहेब?"